बाहुबलीचं पिस्तूल आणि मालतीआक्कांची बशी

शूटिंग रेंजवर माणूस गोळ्या झाडायला जातो असं घरच्यांना वाटतं. खरं सांगू? तो तिथं बसायला जातो. आपली पाळी येईपर्यंत बसा, टार्गेटचा कागद बदलेपर्यंत बसा, पिस्तूल थंड होईपर्यंत बसा. नेम दहा मिनिटांचा आणि गप्पा दुपारपर्यंत! बेळगावच्या आमच्या रेंजवर संध्याकाळी रिकाम्या पुंगळ्या झाडून पोत्यात भरतात, पण किस्से कोण झाडणार? ते तसेच साठत जातात. माझ्याकडं तर लई साठलेत. त्यातले हे बाहुबलीचे.

माझं निपाणीत चष्म्याचं दुकान. रविवारी गाडी काढायची, संकेश्वरात बाहुबलीला उचलायचं आणि बेळगाव गाठायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. बाहुबली गुळाचा व्यापारी, घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. नाव बाहुबली, पण अंगानं असा की वारा सुटला की आम्ही त्याला गाडीच्या आडोशाला उभं करायचो!

* * *

पहिल्या दिवशी रेंजवर गेलो तेव्हा सुभेदारांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सुभेदार म्हणजे आमचे कोच. फौजेतून निवृत्त होऊन बेळगावातच खासबागेत राहिलेले. रेंजवर त्यांच्या परवानगीशिवाय चिमणीसुद्धा बसत नाही.

"नाव काय म्हणाला? बाहुबली? म्हणजे जैन ना तुम्ही?"

"व्हय."

"अहो, तुमच्यात मुंगी मारत नाहीत. आणि पिस्तूल शिकायला आलाय?"

बाहुबली शांतपणे म्हणाला, "सुभेदार, कागदाला जीव नसतोय."

त्यानं दहा गोळ्या झाडल्या. सुभेदारांनी कागद आणून बघितला, उलटा करून बघितला, उजेडाला धरून बघितला. एक भोक नव्हतं!

"बाहुबली," ते म्हणाले, "तुम्ही तर कागदालासुद्धा अभय दिलंय की!"

पण गडी हटला नाही. पुढच्या रविवारी मी पोचायच्या आधी संकेश्वरच्या स्टँडवर उभा. त्याच्या पुढच्या रविवारीही. हळूहळू कागदाला भोकं पडायला लागली, मग ती जवळजवळ यायला लागली.

* * *

मग त्याला स्वतःचं पिस्तूल पाहिजे झालं. तेही नवं, हलकं, प्लास्टिकच्या मुठीचं नको. "जुन्या ढंगाचं पायजे," म्हणायचा. "पोलादी अंगाचं, लाकडी मुठीचं. रविवारी चालवायचं, एरवी पुसून बघत बसायचं."

असं पिस्तूल आमच्या माहितीत एकच होतं, लोंढ्याच्या मालतीआक्कांचं. आक्का शाळेत पीटीच्या बाई होत्या. तरुणपणी पिस्तुलाच्या स्पर्धा मारलेल्या. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यापासून आक्कांनी पिस्तूल हातात धरलं नव्हतं. विकायचं म्हणतात असं कानावर आलं आणि आम्ही लोंढा गाठलं.

आक्कांनी आधी चहा दिला. मग म्हणाल्या, "हात धुऊन या." धुतले. "पुसा." पुसले. मग कपाट उघडलं.

काय वस्तू होती सांगू! पॉइंट टू-टूचं, पण बांधा जुन्या फौजी पिस्तुलाचा. मागं उघडा घोडा, अंगठ्याशी सेफ्टीचा खटका, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तीवर बारीक चौकटी कोरलेल्या. आक्कांनी मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याचं आम्हाला दाखवलं आणि मगच ते बाहुबलीच्या हातात दिलं.

मी माझं भिंग काढलं. पोलादाचा काळा रंग कडांना उडालेला, पण मूळचाच. पुन्हा पॉलिश केलेलं असतं तर संग्रहाच्या दृष्टीनं मजा गेली असती. स्लाईड हलवून बघितली, खुळखुळ नाही. नळीत उजेड टाकला, आतले आटे आरशासारखे. एकही भाग बदललेला नव्हता.

बाहुबली मात्र गुळाचा व्यापारी! त्यानं पिस्तूल नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

आक्का म्हणाल्या, "वास घे बाबा. फक्त चाटू नको!"

मग त्यांनी अट घातली. "हे मी कपाटात ठेवायला कुणाला देणार न्हाय. कपाट माझ्याकडं बी हाय. पंचवीस मीटरवरनं, एका हातानं, पाच गोळ्या. पाची एका बशीत मावल्या पायजेत. माझ्यासमोर. मावल्या की पिस्तूल तुझं, मग सरकारी परवानगीचं बघू."

आम्ही पिस्तूल पारखायला गेलो होतो. बाईंनी गिऱ्हाईकच पारखायला काढलं!

* * *

आक्का महिन्यातून एकदा पिस्तूल घेऊन मोटारीनं बेळगावला यायला लागल्या. खुर्ची टाकून मागं बसायच्या. येताना पिशवीत घरची बशी.

पहिल्याच दिवशी पिस्तूल अडकलं. दुसऱ्या गोळीला अडकलं, चौथीला परत अडकलं. बाहुबलीचा चेहरा उतरला. सुभेदारांनी काडतुसांची पेटी बघितली. स्वस्तातली.

"पिस्तुलाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "जेवण वाईट आहे."

"माझ्या हाताखाली वाढलंय ते," आक्का मागून म्हणाल्या. "शिळंपाकं त्याला चालत न्हाय."

दुसऱ्या कंपनीची काडतुसं आणली, तिसरीची आणली. तिसरी त्याला मानवली. मग एकदाही अडकलं नाही. बाहुबलीनं पाच गोळ्या झाडल्या आणि कागद आक्कांसमोर धरला. आक्कांनी बशी काढली, कागदाकडं बघितलं आणि बशी परत पिशवीत घातली.

"बशी म्हणालते मी. परात न्हाय!"

* * *

त्या हंगामात गुऱ्हाळावर त्याचा उजवा हात चरकात सापडला. हात वाचला. पहिलं बोट, चाप ओढायचं बोट, अर्धं गेलं.

मी दवाखान्यात गेलो तर तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. मी आल्याचं कळूनही वळला नाही.

त्याची बायको पद्माक्का उशाशी होती. घरी ती कानडीच बोलते, रागात दोन्ही भाषा एक होतात. "साकु!" म्हणाली. "पुरे झालं आता ते पिस्तूल! देवानंच सांगितलंय, साकु!"

तेव्हा तो वळला. डोळे ओले होते. आमच्याकडं बघितलं, डावा हात वर केला, बोटं पसरली आणि म्हणाला,

"साडेनऊ हाईत अजून."

* * *

मग डाव्या हाताची शाळा सुरू झाली. दात घासणं डाव्या हातानं, कुलूप उघडणं डाव्या हातानं, लिहिणं डाव्या हातानं. जेवणाच्या पंगतीत तेवढा उजवा, कारण म्हाताऱ्या बायका ओरडायच्या. पाण्यानं भरलेला तांब्या हात लांब करून धरायचा आणि पाणी हलत नाही ना बघायचं. गुळाचं गिऱ्हाईक भाव विचारतंय आणि हा तांब्या धरून उभा!

एकदा बँकेत गेला. साहेबांनी कागद बघितला, संगणकात बघितलं आणि मान हलवली. "ही सही तुमची नाही."

बाहुबली म्हणाला, "सही माझीच हाय साहेब. हात नवा हाय!"

* * *

अडचण पिस्तुलाची होती. जुन्या घडणीचं, सगळं उजव्या हाताच्या माणसासाठी. सेफ्टीचा खटका डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या अंगठ्याखाली. डाव्या हातात धरलं की तो पलीकडं जातो. रिकामी पुंगळी उजवीकडं उडते, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडापुढनं. त्यात मी डोळे तपासले तर नेमाचा डोळा उजवाच. डाव्या हातानं मारताना मान जराशी वळवावी लागणार.

सुभेदारांनी सरळ सांगितलं, "नवं घ्या. दोन्ही हातांना चालणारी मिळतात. नाहीतर यालाच दुसऱ्या बाजूनं खटका बसवून घ्या."

मी म्हणालो, "बसवला की मूळ वस्तू राहणार नाही."

बाहुबलीनं पिस्तुलाकडं बघितलं. "म्हातारा झालाय त्यो. आता त्याला कुठं शिकवता? मीच शिकतो."

आणि शिकला. खटका उजव्या अंगठ्यानं आधीच खाली करायचा, मग उजवा हात खिशात, मग नेम.

एका रविवारी गोळी झाडली आणि तापलेली पुंगळी उडून थेट त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून आत! दुसरा कुणीही असता तर पिस्तुलासकट गरकन फिरला असता, आणि मागं आम्ही बसलेलो. बाहुबलीचा चेहरा लालबुंद झाला, पण नळी टार्गेटकडंच. बोट चापावरून काढलं. मॅगझिन काढलं. स्लाईड ओढून नळी रिकामी केली. पिस्तूल टेबलावर ठेवलं. दोन पावलं मागं आला.

आणि मग असा नाचला, असा नाचला!

सुभेदार कुणाचं कौतुक करत नाहीत. त्या दिवशी उठून उभे राहिले. "बघा रे सगळ्यांनी! आधी पिस्तूल, मग नाच!"

* * *

डाव्या हाताच्या पहिल्या परीक्षेला आक्कांनी बशी कागदावर ठेवली. चार भोकं बशीखाली गेली. पाचवं काठाच्या बाहेर, नखभर.

"न्हाय," आक्का म्हणाल्या.

सुभेदारांनाच राहवलं नाही. "आक्का, अहो बोट तुटलंय त्याचं..."

"बोट तुटलंय. बशी तुटलेली न्हाय."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? परतताना गाडीत मी आक्कांच्या नावानं बरंच बोललो. बाहुबली खिडकीतून बाहेर बघत होता. अर्ध्या वाटेवर म्हणाला, "दत्ता, त्यांचं बराबर हाय. चार बसल्या हे मला कळालं हुतं. पाचवीच्या टायमाला मी नेम न्हवतो धरत. पिस्तूल घरात कुठं ठिवायचं त्येचा इचार करत हुतो."

पुढं दोन वेळा आक्का आल्या. दोन्ही वेळा बशी पिशवीत गेली. तिसऱ्या वेळी बशी ठेवली आणि कागदावर एकही भोक दिसेना. सगळी खाली! आक्कांनी बशी उचलली, परत ठेवली, परत उचलली. मग बाहुबलीच्या पाठीवर थाप मारली. एवढा बारीक माणूस, पण त्या दिवशी हलला नाही.

* * *

सरकारी परवानगी यायला वेळ लागला, पण आली. पिस्तूल बाहुबलीच्या नावावर व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार होता. आक्कांनी पिस्तुलाची पेटी टेबलावर ठेवली. बाहुबलीनं ती घेतली नाही.

"आक्का, तुमच्या हातनं एकदा चालू दे."

"खुळा का काय? बारा-पंधरा वर्सं झाली. हात बघ माझा."

हात खरंच थरथरत होता. चहाचा कपसुद्धा त्या दोन्ही हातांनी धरायच्या.

"मी माझी अट पाळलिया. आता ही माझी अट."

आक्कांनी पेटी उघडली. मग उठल्या. पदर खोचला. चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "आक्का, नंबर मोठा आहे तुमचा, चष्म्याशिवाय कागदसुद्धा दिसणार नाही." त्यांनी ऐकलं नाही.

सुभेदारांनी सगळ्या रेंजला थांबायला सांगितलं. आक्का पुढं जाऊन टार्गेटकडं खांदा करून उभ्या राहिल्या, हात लांब केला. पिस्तुलाचं टोक वर-खाली हलत होतं. पाच गोळ्या झाडल्या, एकीमागं एक, घाई नाही. पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत येऊन बसल्या.

बाहुबली पळत जाऊन कागद घेऊन आला. आम्ही तिघं त्यावर वाकलो.

कागदाच्या ऐन मध्यावर भोक होतं. एकच.

सुभेदारांनी कागद उजेडाला धरला, मग खाली घेतला. शेवटी बाहुबलीनंच धीर केला.

"आक्का, बाकीच्या चार कुठं गेल्या?"

आक्कांनी माझ्या हातातून चष्मा घेतला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला.

"पिस्तूल तुझं हाय आता," त्या म्हणाल्या. "तूच हुडक!"