ओली रिम आणि भानुदासकाका

भानुदासकाका सायकलवर बसले की आधी स्वतःच दोनदा घंटी वाजवत. एसटीत कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय त्यांनी उभ्या हयातीत गाडी हलवली नव्हती. आता कंडक्टर नाही म्हणून काय नियम मोडायचा? सायकल मुलाची. तो नोकरीला पुण्याला गेला आणि हौसेने घेतलेली ती वाकड्या हँडलची, बोटभर टायरची सायकल सावेडीतल्या घराच्या जिन्याखाली धूळ खात पडली. निवृत्तीनंतर काका घरात नुसते बसून असत. जेवायला हाक मारली तरी उठत नसत. एक दिवस त्यांनी ती सायकल बाहेर काढली, पुसली आणि लेंग्याला घोट्यापाशी रबरबँड लावून, डोक्यावर हेल्मेट चढवून रस्त्यावर आणली. त्या दिवसापासून माणूस पुन्हा बोलायला लागला. मी त्यांचा शेजारी, पेशाने मास्तर, डॉक्टरांच्या धाकाने सायकल घेतलेला. काकांनी मला न विचारताच बरोबर घेतलं.

लोक सायकलवाल्याला विचारतात, किती पळते? काका विचारायचे, "थांबती का?" मग माझ्या कपाळावरची आठी बघून खुलासा करायचे, "मास्तर, उतार असला की कुनीबी पळवतं. डायवर वळखायचा तो थांबताना."

त्यांच्या सायकलचे ब्रेक जुन्या पद्धतीचे होते. रबराचे दोन तुकडे दोन्ही बाजूंनी चाकाच्या रिमला चिमटा काढणार. कोरड्यात उत्तम. पावसात रिम ओली झाली की त्या चिमट्याच्या नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. काकांना हे अजिबात खपत नसे. ओल्यात धरतील अशी मऊ रबरं त्यांनी दुकानदाराचं डोकं खाऊन मागवून घेतली. रबरात रुतलेली बारीक खडी ते काकूंच्या साडीच्या पिनेने टोकरून काढत, आणि लग्नाला निघायच्या वेळी काकू घरभर पिन शोधत. "पावसात एकदम आवळायचं न्हाई," ते मला शिकवत. "लांबूनच हळू दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. रिम आपलं आपुन पुसून निगती. मग ती ऐकती." काका जाऊन वर्ष झालं. पावसात अजून माझी बोटं तसंच करतात, आणि त्यांची फार आठवण येते.

श्रावणात दर शनिवारी आम्ही शिंगणापूरला जायचो. सायकलला पाण्याची बाटली ठेवायची जी जागा असते, तिथे काका शनिदेवाला वाहायचं तेल ठेवत. "आन् तहान लागली तर?" मी विचारलं. "मास्तरांची बाटली हाय की!" बाटलीचं झाकण जरा पाझरायचं, म्हणून तिला एक फडकं गुंडाळलेलं असे.

त्या शनिवारी जेऊर सोडलं आणि पावसाने गाठलं. इमामपूर घाटाच्या तोंडाशी तो थांबला. काकाही थांबले. उतार लागण्याआधी गाडी तपासायची, हा त्यांचा बाणा. "रिम वली हाय, पुसून घेतो," म्हणाले आणि बाटलीचं फडकं सोडून पुढची-मागची दोन्ही चाकं त्यांनी अगदी मन लावून पुसली. कडेने, आतून, बाहेरून. मी कौतुकाने बघत होतो. ते फडकं तेलाने निथळत होतं, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही!

डबल बेल झाली. पहिल्याच वळणावर काकांनी ब्रेक दाबला आणि सायकल जास्तच पळायला लागली. "मास्तर, बाजूला व्हा, ऐकंना ही!" एवढंच मला ऐकू आलं. घाट संपता संपता रस्त्याकडेला एका शेतकऱ्याने कडब्याची गंज रचली होती. काका सरळ तिच्यात शिरले. मी धापा टाकत पोचलो तेव्हा फक्त मागचं चाक बाहेर दिसत होतं, अजून फिरत.

"ओ बाबा, ह्यो चारा जनावरांचा हाय!" शेतकरी ओरडला.

आतून शांतपणे उत्तर आलं, "गाडी बगून घातली हाय. मानूस सुखरूप."

बाहेर आल्यावर काकांनी रिमला बोट लावलं, हुंगलं आणि आकाशाकडे बघून हात जोडले. "देवाचं तेल वाटंतच वाहिलं की हो!"

मिशीतल्या काड्यांनी काकूंपुढे सगळं बिंग फोडलं, आणि काकूंनी ते मुलाला कळवलं. मुलाचा फोन आला, "पुढच्या रविवारी येतो आणि सायकल घेऊन जातो. या वयात हाड मोडलं म्हणजे?" काकांचा चेहरा एवढासा झाला. पण आठवडाभर ते खपत होते. स्पिरिटने रिम घासली, रबरांवर पॉलिश पेपर मारला, आमच्या गल्लीच्या उतारावर बादलीने पाणी ओतून ओतून ब्रेक लावून पाहिले. सायकल जागच्या जागी थांबायला लागली होती, हे मी स्वतः पाहिलं.

रविवारी नेमका पाऊस. मुलगा गाडी घेऊन आला. काका म्हणाले, "आदी बग, मग ने." काकूंनी छत्री उघडली आणि उताराच्या तळाशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "लई इस्वास हाय ना ब्रेकवर? मग या. थांबली तर ठिवा."

काका वर गेले. घंटी वाजली. झोकात आले, ब्रेक हळू दाबत, सोडत. अर्ध्या उतारावर त्यांनी ब्रेक लावला, सायकल चटकन थांबली, आणि काका खाली उतरले. हँडल धरून चालत चालत काकूंपाशी आले.

"काय झालं? लागंना का?"

"लागतोय की. झ्याक लागतोय."

"मग बसून यायचं हुतं."

काका चाकाकडे बघत राहिले. "ब्रेकची परीक्षा घ्यायला तू कशाला उभी ऱ्हायलीस? दुसरं कायबी ठिवायचं हुतं."

मुलगा सायकल घ्यायला पुढे झाला. काकूंनी छत्री त्याच्या हातात कोंबली आणि हँडल स्वतः धरलं.

"ऱ्हाऊ दे हितंच," त्या म्हणाल्या. "कुठं उतरायचं ते कळतंय त्यान्ला."