खोक्यासाठी गाडी

लग्न झालेल्या लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही आणि तिच्या छपराखाली मुक्काम करायचा नाही, ही आमच्या सासरची रीत. रीत कसली, हट्ट! सासऱ्यांनी पाळला, त्यांच्यामागे त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या ह्यांनी. आम्ही मूळचे निपाणीकडचे. बंगळुरात येऊन जन्म गेला, पण हा हट्ट तेवढा बांधून आणलेला. आमची एकुलती एक लेक हासनच्या पुढे एका कॉफीच्या मळ्यावर राहायची. जावई तिथे देखरेखीला होते. लेकीला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातलं बाळ राहिलं नाही. आम्ही भेटायला जायचो ते बनशंकरीच्या आमच्या घरून पहाटेच निघून. हे तिच्या पायरीवर बसायचे, आम्ही नेलेली भाकरी खायचे आणि परतीची बस धरायचे. लेकीनं केलेला स्वयंपाक आत तसाच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. हासन येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलायची नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लेकीला तिसऱ्यांदा दिवस गेले, आणि एके दिवशी एसटीडी बूथवरून जावयांचा फोन आला. डॉक्टरांनी बजावलं होतं: सपाट झोपून राहायचं, बंगळूरचा प्रवास नाही, माहेरपण वगैरे विसरा. त्रास सुरू झाला तर मात्र आडवं झोपवूनच तालुक्याच्या दवाखान्यात आणायचं, तेव्हा दारात गाडी हवी. जावयांकडे मोटारसायकल होती. मळ्याची जीप कायम मालकांबरोबर मंगळूरला.

हे नुकतेच फॅक्टरीतून निवृत्त झाले होते. गाडी उत्तम चालवायचे. म्हणाले, "आपण एक पिकअप घेऊ आणि तिच्याजवळ जाऊन राहू."

माझा जीव भांड्यात पडला. पण ह्यांना मी ओळखून होते. "राहायचं कुठं?" मी विचारलं.

"ते मी बघतो."

बघितलं ते असं, की घराशेजारच्या मोकळ्या जागेत प्लायवूड आणि ॲल्युमिनियमचे पत्रे येऊन पडले. ह्यांनी कधीतरी एका परदेशी मासिकात चित्र पाहिलं होतं, पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या छोट्या खोलीचं. मुक्कामाला पोचलं की खोलीचे चार लोखंडी पाय खाली सोडायचे आणि गाडी पुढे काढून घ्यायची. खोली आपल्या पायांवर उभी, गाडी मोकळी. "खोली तिच्या अंगणात उभी करू," हे मला समजावायला लागले. "आपण दोघं त्यात राहू. वेळ आली की रिकाम्या हौद्यात गादी टाकायची, तिला झोपवायचं आणि निघायचं."

म्हणजे लेकीजवळ राहायचं, पण लेकीकडे नाही! मी कपाळाला हात लावला. शेजारच्या अक्का कुंपणावरून विचारायच्या, "एनिदु, अण्णा?" हे काय चाललंय म्हणून. हे हसून सांगायचे, "घर!" मी त्याला खोकाच म्हणायची.

खोटं कशाला बोलू, खोका सुबक झाला होता. झोपायला दोन फळ्या, स्टोव्हला कट्टा, पाण्याचं पिंप. आणि एक खिडकी. ती मुद्दाम अशा बाजूला ठेवली होती, की अंगणात खोका उभा केला की लेकीच्या खोलीची खिडकी समोर यावी. ती बघून माझा राग अर्धा झाला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला.

मग गाडी शोधायला सुरुवात झाली. के. आर. पुरमच्या पलीकडे एका फरशीवाल्याची पिकअप विकायची होती. दगडाच्या लाद्या वाहायच्या म्हणून त्यानं मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींना जादा पाटे घातले होते. हे जमिनीवर आडवे होऊन ते पाटे निरखत होते, चेहरा असा की जणू मुलगी बघायला आलेत. फरशीवाला गाडी घेऊन आमच्याकडे आला. हे गाडी मागे मागे घेत खोक्याखाली आले, खोक्याचे पाय वर घेतले आणि खोका हौद्यात बसला. गाडी इतकीसुद्धा दबली नाही. "सरी! जमलं!" हे खूश होऊन म्हणाले.

"आता खोका उतरवा," मी म्हटलं.

"कशाला?"

"लेक काय खोक्यात बसून जाणार आहे दवाखान्यात? ती रिकाम्या गाडीतून जाणार. मला रिकाम्या गाडीत झोपून बघायचंय."

"अगं, भर दिवसा? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील बाई झोपलीय. चला!"

गादी टाकली, पदर खोचला आणि मी हौद्यात आडवी झाले. आमच्या भागात तेव्हा रस्ते अर्धे डांबरी, अर्धे खडीचे. पहिल्या खड्ड्यालाच मी वर उडाले आणि धाडकन खाली आले. पाठीखाली गादी आहे की नाही ते कळेना. मी दोन्ही हात पोटाशी गच्च धरून पडले होते. माझ्या पोटात काय होतं? काही नाही. तरी धरले होते. देवा, लेकीला यातून न्यायचं, एवढंच मनात येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गाडी थांबल्यावर मी ह्यांना तिथेच सांगितलं, "ही गाडी नको. मरेल ती."

"ओझं असलं की मऊ चालते," हे म्हणाले. "रिकामी आहे म्हणून उडते."

"अहो, पण ती रिकामीच असणार ना!"

ह्यांनी किल्ली फरशीवाल्याच्या हातात दिली आणि स्वतः गादीवर जाऊन झोपले. तोच रस्ता फिरून आले. उतरले आणि फरशीवाल्याला म्हणाले, गाडी घेऊन जा.

दुसरी गाडी कोरमंगलाच्या एका अंड्यांच्या व्यापाऱ्याची. जुनी, बुटकी, रंग उडालेली. अंडी फुटू नयेत म्हणून त्यानं उलट, कमानीचे पाटे काढून टाकले होते. "अक्का, स्वल्प हळू चालवा, बस," तो मला म्हणाला. मी पुन्हा आडवी झाले. खड्डे तेच, पण गाडी ते आपल्या अंगावर घेत होती. मला तर डुलकी लागली.

पण तिच्यावर खोका ठेवला आणि तिची शेपटी बसली. पुढची चाकं जमिनीवर नावाला टेकलेली, मागची वर पत्र्याला घासायला लागली. ह्यांनी फळ्या काढल्या, कट्टा काढला, पिंप काढलं. उपयोग नाही. पाटे वाढवावे तर खोका बसणार आणि लेक आदळणार. पाटे तसेच ठेवावेत तर लेक सुखानं जाणार आणि खोका इथेच राहणार. हे रिकाम्या खोक्यात जाऊन बसले आणि चहालाही बाहेर येईनात.

मी हात टेकले. मला भांडायचं नव्हतं, मला निघायचं होतं. खोक्याच्या दारात जाऊन म्हटलं, "अंड्याची गाडी घ्या. खोका दुसऱ्या पिकअपमधून भाड्यानं पाठवू. तुमची रीतही राहील. झालं?"

हे खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "तिनं रात्री हाक मारली आणि मला इथं खोक्यात ऐकू नाही आली तर?"

मी त्यांचा चहा आत नेऊन ठेवला.

"राहू दे खोका इथंच," हे म्हणाले.

दोनच दिवसांत आम्ही अंड्याच्या गाडीतून निघालो. मागे गादी, आमचे कपडे, आणि आमच्या घरचं तांदळाचं पोतं. डाळ, तिखट, मीठसुद्धा आमचंच. मी बघितलं आणि मीच ते नीट रचून ठेवलं. माणूस एकदम किती वाकणार? लेकीच्या घरी पोचलो तर ह्यांनी अंथरूण तिच्या खोलीच्या दाराशी टाकलं. लेक पडल्या पडल्या हसायला लागली. "अप्पा, माझ्या घरात झोपणार तुम्ही?" हे म्हणाले, "गप पड." तिथे मी स्वयंपाक करायची, आमच्याच तांदळाचा, आणि हे जेवायचे. तेवढ्यानंही लेक खुलली होती. आपल्या घरात बापाचं ताट मांडलेलं ती पलंगावरून बघत राहायची.

सातव्या महिन्यात त्रास सुरू झाला. जावयांनी उचलून तिला हौद्यात ठेवलं, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मळ्याचा तो रस्ता ह्यांनी असा काढला, की एक धक्का तिला बसू दिला नाही. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आदळआपट झाली असती तर ती वाटेतच गेली असती. बाळ नाही वाचलं. मुलगा होता. आणि आता पुन्हा नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं.

तिला घरी आणलं. मूल होईपर्यंत, अशी ती रीत होती. मूल आता होणार नव्हतं. एवढं आम्हा चौघांनाही कळत होतं. मला भीती वाटायची, ती जरा सावरली की हे उठतील आणि गाडी काढतील.

एके सकाळी मी मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दारासमोर कपडे वाळत घालत होते. लेक पहिल्यांदाच आपल्या पायांनी चालत स्वयंपाकघरात आली. भिंत धरून उभी राहिली. हे पुढच्या पायरीवर बसले होते.

"अप्पा," ती आतून म्हणाली, "तुमचे तांदूळ संपले." मग जरा थांबून म्हणाली, "आता तुम्ही निघाल ना?"

मी हातातला पिळा बादलीत टाकून दाराशी आले. हे उठले, आत गेले, तिच्यासमोर पाटावर बसले.

"तुझ्या घरात तांदूळ नाहीत?"

"आहेत की."

"मग ते टाक," हे म्हणाले. "आणि जरा जास्त टाक, मला भूक लागलीय."