साडूंचं नाक आणि वळचा बंगला

माझ्या थोरल्या साडूंना कोणाच्याही घरी न्यायची सोय नव्हती. बारसं असो, सत्यनारायण असो की कोणाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत, हा माणूस उंबऱ्यात चपला काढता काढताच थांबायचा, डोळे मिटायचा आणि मान किंचित वर करून एक लांब श्वास घ्यायचा. नवख्या यजमानाला वाटायचं, पाहुणे देवभोळे दिसतात, उदबत्तीचा वास घेतायत. आम्ही घरचे मात्र एकमेकांकडे बघायला लागायचो. कारण लगेचच साडू डोळे उघडून अगदी मायेने विचारायचे, "बाथरूम या भिंतीच्या पलीकडे आहे का हो?" मग सत्यनारायण बाजूला राहायचा, प्रसादाची वाटी हातात तशीच राहायची आणि घरातली कर्ती मंडळी मिळून कपाट सरकवायला लागायची. कपाटामागे काळी-हिरवी बुरशी हटकून असायचीच. त्यांच्या बाबतीतली हीच सगळ्यात त्रासदायक गोष्ट होती. माणूस अधूनमधून चुकला असता तर आम्ही हसून सोडून दिलं असतं.

हे नाक त्यांनी भिवंडीतल्या एका कापडाच्या गोदामात कमावलं होतं. पावसाळ्यात कापडाच्या गाठींना ओल लागली की आतल्या ताग्यांवर बारीक ठिपके पडतात आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. साडू गाठ न सोडता नुसतं नाक टेकवून सांगत, ही गेली, ही आहे, ही आठवडाभरात जाईल. पुढे मालकाने गोदाम विकलं आणि साडू वेळेआधीच घरी बसले. त्याच सुमारास आखातात नोकरीला असलेल्या पुतण्याने त्यांना टीव्हीच्या रिमोटएवढं एक यंत्र आणून दिलं. त्याच्या टोकाच्या दोन सुया भिंतीत टोचल्या की आत ओल किती ते आकड्यात दिसायचं. आणि मग तो जुलै आला, ज्यात नदी गावात शिरली आणि अर्ध्या शहराचे तळमजले पाण्यात उभे राहिले. पाणी उतरलं, लोकांनी गाद्या वाळवल्या, भिंतींना रंग काढला आणि विषय संपला असं मानलं. साडूंच्या लेखी विषय तिथे सुरू झाला. त्यांनी गॅलरीत पाटी लावली: 'घरातील ओल व बुरशी यांची शास्त्रशुद्ध तपासणी'. माझ्या मेहुणीने त्यानंतर बरेच दिवस गॅलरीत कपडे वाळत घालताना रस्त्याकडे पाठ केली होती.

पाटी वाचून लोक यायचे ते बहुतेक रंगारी समजून. साडू रंग लावत नसत, गळती काढत नसत, कोणाची औषधं विकत नसत. ते फक्त तपासत. "मी डॉक्टर आहे, औषधाचं दुकान माझं नाही," असं ते सांगायचे. जो माणूस रोग शोधतो त्यानेच औषध विकलं तर त्याला घरोघर रोग दिसायला लागतील, असा त्यांचा हिशेब होता. तत्त्व चांगलं होतं, पण भिंत ओली आहे एवढं ऐकण्यासाठी कोण पैसे देणार? एका यंत्रमागवाल्याने त्यांना तोंडावर विचारलं होतं, "साहब, सीलन है ये तो मुझे भी दिख रहा है, आप नया क्या बता रहे हो?" साडू शांतपणे म्हणाले, "ये तो उसके निकलने का दरवाज़ा है. रहती वो ऊपर है." आणि खरंच वरच्या मजल्यावरच्या मोरीचा पाइप फुटलेला निघाला. त्या इमारतीतले वरचे आणि खालचे तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत, असं ऐकतो.

वासांच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. ओल्या गोणपाटाचा वास म्हणजे जमिनीतून चढणारी ओल, वर्षभर न उघडलेल्या ट्रंकेचा वास म्हणजे कपाटामागची बुरशी आणि पावसात भिजलेल्या कुत्र्याचा वास म्हणजे गच्ची गळतेय. ज्या घरात उदबत्ती भरपूर त्या घरावर त्यांचा विश्वास कमी. नुकताच रंग दिलेल्या घरावर तर मुळीच नाही. "एवढ्या घाईने रंग का काढला असेल?" असं ते पोलिसासारखं माझ्या कानात विचारायचे. घरात ओलावा हवाच, नात्यात असतो तसा, असं कोणी काव्य केलं की ते त्या माणसाकडे कीव आल्यासारखं बघत. स्वतःच्या घरात त्यांनी पावसाळ्यात ओला टॉवेल आत आणायला बंदी केली होती. त्यामुळे आंघोळ करून आलेला पाहुणा टॉवेल कुठे ठेवावा या विवंचनेत घरभर फिरत असे. मेहुणी गुपचूप शेजारणीच्या घरात कपडे वाळत घालायची. शेजारणीच्या भिंतीला ओल का धरली हे साडूंना अजून कळलेलं नाही. त्यांच्या तपासणीच्या इतिहासातलं हे एकमेव न सुटलेलं प्रकरण.

या माणसाच्या मुलीचं, अनघाचं, लग्न ठरायची वेळ आली. अनघा भिवंडीजवळच्या वळ गावात एका गोदामाच्या ऑफिसात हिशेबाला होती आणि तिथेच माल पोहोचवणाऱ्या गाड्यांचा धंदा असलेला एक मुलगा तिला आवडला होता. मुलाचे वडील वळचेच. वडिलोपार्जित भातशेतीतला तुकडा गोदामांना दिलेला आणि त्या पैशावर बंगला बांधलेला. आम्ही शहरातली कारकुनी घरं, ते गावचे जमीनदार. दोन्हीकडून आधीच नाकं मुरडून झाली होती. मुलांनी कसंबसं सगळ्यांना राजी केलं आणि दिवाळीनंतर आम्ही जीप करून घर बघायला निघालो. जीपमध्ये मेहुणीने साडूंच्या शर्टाच्या खिशातून ते यंत्र काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं, पॅन्टच्या खिशातून टॉर्च काढला आणि त्यांच्याकडून मुलीच्या गळ्याची शपथ घेतली की भिंत हा शब्द तोंडातून निघणार नाही. नाक तेवढं काढून घेता येत नव्हतं.

बंगला चकचकीत होता. पायाखाली पाय घसरेल अशी फरशी, छताला नक्षी, नक्षीत रंगीत दिवे. साडू सोफ्यावर बसले ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि तोंडाने श्वास घेत. मुलाच्या वडिलांनी सर्दी झाली का म्हणून चौकशी केली. साडूंनी मान हलवली. पोहे आले, चहा आला, मुलाच्या आईने अनघाला जवळ बसवून घेतलं. बोलणं लग्नाच्या हॉलपर्यंत पोहोचलं. मेहुणीचा चेहरा सैल पडला आणि नेमका तेव्हा आतून कोणीतरी खोकलं.

साडूंचा कप ओठाशी थांबला. पुन्हा खोकल्याचा आवाज आला, खोल आणि लांबलचक. कोण आहे, त्यांनी विचारलं. मुलाचे वडील म्हणाले, आई आहे, म्हातारपण आहे, दोन वर्षं औषध चालू आहे पण खोकला हटत नाही. साडू उठले आणि म्हणाले, भेटून येतो. थोरामोठ्यांना भेटायची पाहुण्यांची ही रीत बघून सगळ्यांना फार बरं वाटलं. एकट्या मेहुणीने माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. मग आतून लोखंडी कपाट फरशीवर सरकल्याचा आवाज आला.

आम्ही धावलो. जिन्याखालची लहानशी खोली, तिची एकच खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या गोदामाची भिंत. खाटेवर आजी बसलेली, कुतूहलाने हा तमाशा बघत. कपाट ओढलेलं होतं आणि मागची भिंत कंबरेपर्यंत काळी. साडू मुलाच्या वडिलांना सांगत होते की या खोलीत माणूस ठेवू नका, आईंना पुढच्या खोलीत हलवा. पुढची खोली म्हणजे बंगल्याचा मान. खुर्च्या मांडून मुलाचे वडील तिथे गावच्या माणसांना भेटत. त्यांनी काळ्या भिंतीवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमी मुलगी द्याला आलाव, का घर तपासाला?"

"मुलगी द्यायला आलोय," साडू म्हणाले, "म्हणूनच तपासतोय."

आम्ही जीपने परत आलो. वळकडून निरोप आला नाही, आणि आपण होऊन विचारायचं कोणत्या तोंडाने, म्हणून इकडूनही कोणी विचारलं नाही. अनघा बापाशी बोलेनाशी झाली. एकदा फक्त जेवताना म्हणाली, "बाबा, मला त्या भिंतीशी लग्न करायचं नव्हतं." साडूंनी ताटातला भात तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर गॅलरीतली पाटी उतरलेली होती आणि दाराआड तोंड फिरवून ठेवली होती. तपासणीला बोलवायला आलेल्या दोघांना त्यांनी, आता करत नाही, म्हणून परत पाठवलं. मला विचारलं, "मी गप्प बसायला हवं होतं का?" तेच पुढे म्हणाले, "बसलो होतो हो. म्हातारी खोकली नसती तर बसलोच असतो." या विषयावरून मी त्यांची वर्षानुवर्षं थट्टा केली होती. त्या दिवशी जमलं नाही.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी मी साडूंकडे होतो, तेव्हा खाली गाडी थांबली. मुलाचे वडील उतरले आणि त्यांच्या खांद्याला धरून आजी. जिना चढायला तिला बराच वेळ लागला, पण उचलून घेऊ दिलं नाही. वर आल्यावर मुलाच्या वडिलांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि मग सांगितलं. आपण फार रागावलो होतो. पण ती भिंत एकदा दिसल्यावर रोज दिसायला लागली, म्हणून शेवटी फोडली. आत पाइपाचा जोड गळत होता. आईला पुढच्या खोलीत हलवलं आहे. साडू पुढे सरकून बसले. डॉक्टर जसा आपल्याच औषधाचा गुण विचारतो तसं त्यांनी विचारलं, "आणि खोकला?"

"खोकला तसाच हाय," मुलाचे वडील म्हणाले.

साडूंचा चेहरा असा काही उतरला की मेहुणी आतून चहा घेऊन आली ती दारातच थांबली. तेवढ्यात आजीने लेकाला गाडीत राहिलेली मिठाई आणायला पिटाळलं, मेहुणीला माझ्याबरोबर साखर आणायला आत पाठवलं, आणि खोलीत ती आणि साडू दोघंच उरले. काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. आम्ही अनघाला घेऊन बाहेर आलो तेव्हा साडू हसू दाबत होते आणि आजी अनघाला विचारत होती, "मंग, आमचे घरी कवा येतस?"

लग्न झालं. लग्नाचा हॉल ओला होता असं साडूंनी मला कानात सांगितलं, पण फक्त मला. पाटी पुन्हा गॅलरीत लागली. आणि दर रविवारी सकाळी ते वळला जायला लागले. लोकांना वाटायचं, बापाचा जीव मुलीत आहे. तो होताच, पण गेल्यावर ते आधी पुढच्या खोलीत आजीजवळ बसायचे. खिडकीतून रस्ता दिसायचा. कोणाचा ट्रक आला, कोणाची सून माहेरी निघाली, याचं आजी त्यांना धावतं वर्णन करायची, आणि हा घरोघरच्या भिंती फोडायला लावणारा माणूस खाटेच्या कडेला बसून ते निमूटपणे ऐकायचा.

आजी गेली त्या वर्षी त्यांनी मला ते गुपित सांगितलं. त्या सकाळी लेकाला खाली पाठवून आजी म्हणाली होती, "खोकला माजा बिडीचा हाय. चोरून वढतंय. पन त्या खोलीन मना कोन दिसत न्हवता. आता येनारा-जानारा दिसतो. तू बोल्लास ता बरा झाला." दुसऱ्याच्या घरातली लपलेली गोष्ट साडूंनी आयुष्यात एकदाच लपलेली राहू दिली. विडीचं बंडल तेच नेऊन देत होते की काय, असा मला संशय आहे. विचारल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

आजीनंतर पुढची खोली तिच्या लेकाने बंद केली. खुर्च्या परत मांडल्या नाहीत, खाट हलवली नाही, आत कोणी जात नसे. साडूंनी त्याला एका शब्दानेही विचारलं नाही. रविवारी जायचे, कडी काढायचे, दोन्ही खिडक्या उघडायचे आणि ऊन खाटेपर्यंत येऊन परत फिरेतो तिथेच बसायचे. बंद खोली वास धरते, एवढंच म्हणायचे. काही रविवारांनंतर आजीचा लेकही येऊन शेजारी बसू लागला.

आता साडूंचे गुडघे गेले आहेत आणि वळला जाणं होत नाही. मी रविवारी त्यांच्याकडे चहाला जातो तेव्हा सकाळचा फोन हमखास वाजतो. अनघा म्हणते, "बाबा, खिडक्या उघडल्या." साडू विचारतात, "ऊन आलं का आत?" ती आलं म्हणते. त्यानंतरही फोन कोणी ठेवत नाही. तिकडच्या खिडकीबाहेरच्या रस्त्यावरून ट्रक गेल्याचा आवाज इकडे मलाही ऐकू येतो, आणि साडू डोळे मिटून तो ऐकत बसतात.