हंसामासीचा चाकू

“छोकरी अच्छी है, पण उनके घर का पानी मेरे से नहीं पिया जाता. संडे को तो मैं श्वास रोक के उनका दरवाजा पास करती हूँ.”

जिन्यात उभी राहून हंसामासी वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगत होती. मी आमच्या अर्धवट लोटलेल्या दाराआड चपला घालत होते. वाकलेली, पट्टा बोटात तसाच. ती छोकरी म्हणजे मी.

यातली एक गोष्ट मी घरात कधीच बोललेले नाही. आईजवळ नाही, बाबांजवळ नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीजवळही नाही. मग तुला का सांगतेय? बहुधा तुला माझा चेहरा दिसत नाही म्हणून.

परळची खोली सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते. इंग्लिश मीडियमची, कमी बोलणारी. सोसायटीत सगळ्यांना वाटायचं, शिष्ट आहे. शिष्ट कसली, घाबरट होते. हंसामासी समोरच्या दारातली. त्यांचं घर जैन, आमच्याकडे दर रविवारी मटण. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मासीनं महिनाभर आम्हाला दोन्ही वेळचा डबा पाठवला. आणि परत गेलेला डबा ती दाराबाहेरच बादलीत धुवायची, मगच आत न्यायची. मी आमच्या दाराच्या भोकातून बघायचे. डबाही खरा होता आणि बादलीही खरी होती. मी लक्षात ठेवली ती फक्त बादली.

आता चाकूचं.

बाबा फिटर. घरात कानस, करवत, हातानं फिरवायचं ड्रिल. त्यातूनच मला तो विचित्र नाद लागला असावा. स्टेशनबाहेर फेरीवाल्याकडे घडीचा चाकू मिळायचा, अगदी स्वस्तातला. पातं बरं असायचं, पण मुठीला दोन्ही बाजूंनी लाल प्लॅस्टिक, जे महिन्याभरात तडकायचं. मी ते काढून टाकायचे आणि लाकडाच्या पट्ट्या घासून, पितळी तारेचे रिव्हेट ठोकून नवी मूठ बसवायचे. बाल्कनीत, पाय पसरून. “पोरीच्या जातीला हे काय भलतंच!” असं आई म्हणायची. बाबा काही न बोलता पॉलिश पेपर आणून द्यायचे.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी मासीनं असा एक चाकू हातात घेऊन उघडून-मिटून पाहिला. “मेरे को भी एक बना दे ने, बेटा. फ्रूट कापने को.”

जिन्यातलं ते बोलणं ऐकून आठवडासुद्धा झाला नव्हता.

इथे थांबावंसं वाटतंय. पण थांबत नाही. आधी एक सांगून ठेवते — लाकूड होतं. मोडक्या खुर्चीचं शिसव, चांगला हातभर तुकडा, माझ्या पलंगाखाली. पुढचं झालं ते लाकूड संपलं म्हणून नाही.

मी मटणवाल्याकडे गेले आणि नळीची दोन हाडं अख्खी मागून घेतली. आईला सांगितलं, कॉलेजात बायोलॉजीला हवीत. सोडा घालून उकळली. वर तवंग आला, करडा, फेसाळ. सुरीनं खरवडताना आतून काहीतरी चिकट बोटांवर ओघळलं. वाळल्यावर करवतीनं उभी चिरली. कानस लावली तसा वास सुटला — दाताच्या डॉक्टरांचं ड्रिल चालू असताना आपल्याच तोंडातून येतो ना, तो. पांढरी भुकटी नाकात, नखांत, केसांत. जेवायला बसले तर भातालाही तोच वास. थांबले का? नाही. उलट इतकं बारीक काम मी त्याआधी कधीच केलं नव्हतं. चहाच्या पाण्यात बुडवून पट्ट्यांना छान पिवळसर रंग आणला. कडा गोल केल्या, मासीच्या हाताला टोचू नयेत म्हणून.

तिला तो फार आवडला. “क्या का है ये? प्लास्टिक?”

मी होकाराची मान हलवली. मी असं खोटं बोलते — न बोलता.

मला वाटलं होतं, एकदा तिच्या हातात दिला की संपलं. मनातल्या मनात हसून घेईन आणि विसरून जाईन. पण एका सकाळी वाटी परत करायला गेले तर तिच्या स्वयंपाकघराशी दोन साध्वी उभ्या होत्या, भिक्षेला आलेल्या. मासी अनवाणी, डोक्यावरून पदर घेतलेली, चेहरा नुसता उजळलेला. बिया काढून चिरून ठेवलेली पपई ती त्यांच्या पात्रात वाढत होती. ओट्यावर माझा चाकू. मुठीवर पपईचा रस.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत राहिले. आणि मला बरं वाटलं. हेच मला सांगायचं होतं. हाडाचं काय, हाड कुणीही घासेल. पण मुंगीला पाय लागू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या त्या दोन बायका, आणि त्यांना वाकून वाढणारी मासी, आणि मला बरं वाटतंय — आतून गरम, पोट भरल्यासारखं. आजही ते आठवलं की स्वतःच्या अंगाला हात लावावासा वाटत नाही.

पर्युषण संपलं की मासी दारोदार जाऊन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत क्षमा मागायची. त्यांच्यात तशी रीत आहे. आपणही तेच शब्द परत म्हणायचे. चाकू दिल्यावर पहिल्या वर्षी मी म्हटले. दुसऱ्या वर्षीही म्हटले, हसून. तिनं हातावर साखर ठेवली, ती खाल्लीसुद्धा.

तिसऱ्या वर्षी तिनं वर्षीतप धरलं. एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी, एक दिवस जेवण, असं वर्षभर. तो चाकू तिनं वेगळा काढला. आईला कौतुकानं म्हणाली, “ये अब खाली मेरे तप का. दूसरा कोई हाथ नहीं लगाएगा.” आई मला म्हणाली, बघ, किती जीव आहे तिचा तुझ्यावर. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

सांगितलं तर तिच्या तपाचं काय होणार होतं? न सांगितलं तर काय होत होतं? महिनोन्‌महिने मी एवढंच घोळवत राहिले, आणि समोरच्या ओट्यावर दिवसाआड तो चाकू उघडत राहिला.

भाद्रपदात ती आमच्या दारात आली. निम्मी झाली होती. हात जोडले तशा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. “बेटा, जाने-अनजाने तेरा दिल दुखाया हो तो मिच्छामि दुक्कडम्.”

माझे शब्द तयारच होते. ते म्हटले असते तर तिनं मला तिथल्या तिथे माफ केलं असतं — कशाबद्दल, ते न कळता. आई मागे चहाचं आधण ठेवत होती. मासी हात जोडून उभी.

“मासी,” मी म्हणाले, “वो चाकू का हाथा प्लास्टिक का नहीं है. बकरे की हड्डी है. मेरे को मालूम था. मैंने ही घिस के लगाई.”