ताईंचा कामाचा डोळा

इस्पितळात सगळे त्यांना तळघरातल्या ताई म्हणत. सव्वीस वर्षं त्या एकाच खोलीत, एकाच यंत्रापाशी बसत आल्या होत्या. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तो. माणसाहून उंच, आणि स्वभावाने सासूबाईंसारखा, रोज सकाळी पहिल्यापासून मनधरणी करायला लावणारा. शेंड्याला एक बारीक तार तापायची, तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन खाली यायचे आणि वाटेत ठेवलेल्या कापाची सावली तळाच्या हिरव्या पडद्यावर पडायची. काप म्हणजे कुणाच्या तरी मूत्रपिंडाचा तुकडा, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा पातळ. त्या सावलीचा फोटो फिल्मवर काढून वर पाठवायचा. रोग कोणता ते वरच्या डॉक्टरीणबाई ठरवायच्या.

आल्या आल्या ताई दिवा बंद करत आणि दहा मिनिटं नुसत्या बसून राहत, डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. या दहा मिनिटांत कुणी दार उघडलं तर त्याची खैर नसे. मग किरण मध्यावर आणायचा, एकेक भिंग एका रेषेत बसवायचं, आणि शेवटी सगळ्यात नाजूक काम. कार्बनच्या पातळ पापुद्र्यातलं एक भोक शोधायचं. त्याच्या काठाला बारीक किनार दिसते. ती चहूबाजूंनी सारखी दिसेपर्यंत दोन बटणं अगदी हलकेच फिरवायची. किनार एकीकडे जाड, एकीकडे बारीक राहिली, तर फोटोतलं सगळंच एका अंगाला ओढल्यासारखं येतं. हे काम ताई पडद्यावर रोखलेल्या छोट्या दुर्बिणीतून, उजव्या डोळ्याने करत, डावा मिटून. ज्यांनी शिकवलं त्यांची तशी सवय होती, ती यांना लागली.

आणि त्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता.

ताईंना ते ठाऊक होतं, उगाच खोटं कशाला बोला. रस्त्यावरचे दिवे एका अंगाला ओढल्यासारखे फुलारलेले दिसायला लागले तेव्हाच त्यांना कळलं. पण त्यांच्याआधी इथे बसणाऱ्या गृहस्थांची नजर कमी झाली, तेव्हा त्यांना कागदपत्रांच्या खिडकीवर बसवलं होतं, आणि ते पुन्हा कधी तळघरात उतरले नव्हते. ताईंची दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं त्यांना याच खुर्चीत हवी होती. म्हणून त्या गप्प राहिल्या, घरीसुद्धा.

मग फोटो परत यायला लागले. "ताई, सगळं ओढल्यासारखं दिसतंय हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईंनी इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोन दिवस यंत्र उघडून साफ केलं आणि हात पुसत म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे." तो गेल्यावर ताईंनी त्याला चार शब्द ऐकवले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांना त्या दिवशी आठवली, पण इंजिनिअरच्या संदर्भात.

पुढच्या आठवड्यात सात वर्षांच्या एका मुलीचा काप आला. तिच्या मूत्रपिंडातला एक पडदा जाड की पातळ, एवढ्यावर तिचं औषध ठरायचं होतं. तिचेही फोटो परत आले. मुलीची आई वरच्या मजल्यावर बाकावर बसून आहे, हेही कळलं. ताईंना दुपारचं जेवण गेलं नाही.

जेवणाचा डबा घेऊन नवराच आला होता. त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. हात थरथरायला लागले तसं त्याने ते बंद केलं, त्याला तीन वर्षं झाली. हात गेले तरी नजर मात्र ससाण्याची. ताईंना एकदम काहीतरी सुचलं.

"अहो, जरा बसा इथे. दहा मिनिटं बोलायचं नाही."

"घरी तरी कुठे बोलू देतेस," तो म्हणाला आणि बसला.

दहा मिनिटांनी ताईंनी भोक पडद्यावर आणलं, आपल्या डोळ्याने किनार अगदी सारखी करून घेतली आणि त्याला दुर्बिणीशी बसवलं. "किनार कशी आहे?"

त्याने बराच वेळ पाहिलं. "वर-खाली जाड आहे. दोन्ही बाजूंना बारीक."

"नीट बघा."

"अगं, आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा बघितल्यात."

ताईंनी त्याला सरकवलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं. वर-खाली जाड होती. म्हणजे इतके महिने ताई यंत्रातला दोष दूर करतच नव्हत्या. स्वतःच्या डोळ्यातला दोष निस्तरायला धडधाकट यंत्र वाकडं करत होत्या.

नवऱ्याने पुन्हा डोळा लावला. तो सांगत गेला, त्या बटण फिरवत गेल्या. "अजून थोडं. जास्त झालं. मागे घे. बस." त्यांनी डाव्या डोळ्याने खात्री केली, मग मुलीचा काप चढवला आणि फोटो घेतले. फिल्म धुऊन निघाली तेव्हा तो पडदा असा स्वच्छ उमटला होता की कुणीही मोजावा.

"झालं तर मग," नवरा म्हणाला. "यापुढे डाव्याने बघ. कुणाला कळायचंय?"

ताई ओल्या फिल्मकडे बघत राहिल्या. "पाच महिन्यांचे फोटो त्या डोळ्याने काढलेत मी. परत आले ते आले. जे परत आले नाहीत त्यांचं काय? ते सगळे काप पुन्हा लावायला हवेत. वर जाऊन सांगते."

"खुर्ची जाईल."

"जाईल." ताई त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला डोळ्याचं ठाऊक होतं?"

"मी चहाचा कप उजवीकडे ठेवला की तू तो शोधत होतीस. दोन महिने झाले, डावीकडे ठेवतोय. आणि दुकानाच्या शेवटच्या वर्षी मी तिरके बसवलेले स्क्रू रात्री तू सरळ करत होतीस, तेही ठाऊक होतं. मी सगळ्यात शेवटी दुरुस्त केलेलं घड्याळ तुझ्या मनगटावरचं, ते रोज चार मिनिटं मागे पडतं. सकाळी मी उठायच्या आत तू ते पुढे करतेस."

तीन वर्षं ताईंना वाटत होतं, हे आपलं एकटीचं गुपित आहे. त्यांनी पदराने डोळे टिपले, दोन्ही, आणि फिल्म उचलली.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं की ते घड्याळही दुसऱ्या कुणाकडून नीट करून आणू," तो म्हणाला.

"नको," ताई दारात थांबून म्हणाल्या. "त्याने कुणाचं काही बिघडत नाही. ते राहू दे तसंच." आणि त्या जिना चढायला लागल्या.