रंग शाळेचा, शिलाई घरची

निळ्या बाई वर्गात येण्याआधी त्यांच्या पिना यायच्या. दोन्ही हातांतल्या बांगड्यांना सेफ्टी पिनांचे घोस लटकलेले असायचे. ते किणकिणले की आम्ही आपापली बटणं आणि नाड्या चाचपायला लागायचो. कुणाची बाही उसवलेली दिसली की बाई पाढे म्हणवून घेता घेता पिन लावून मोकळ्या व्हायच्या.

बाईंचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. निळी साडी, पांढरं पोलकं, बारा महिने. "पोरांनी एकच रंग घालायचा अन् मी रंगीबेरंगी यायचं, हे बराबर न्हाई," म्हणायच्या.

पिंपळगाव रेणुकाईजवळच्या आमच्या खेड्यात गणवेश आला तो बाईंच्या आग्रहामुळे. वर्ष त्र्याहत्तर की चौऱ्याहत्तर. मुलांना खाकी चड्डी-पांढरा सदरा, मुलींना गुडघ्यापर्यंतचा निळा फ्रॉक. लोकांनी खर्चाची कुरकुर केली तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी कापडावरून वस्ती कळायची, अन् वस्तीवरून बसायची जागा. मला दारापाशी बसवायचे." बाई भोकरदनकडच्या, बौद्ध घरातल्या. दुसऱ्या दिवसापासून लोक कापडाचा भाव विचारायला लागले.

आमच्या घरी अडलं ते वेगळ्याच जागी. माझे वडील, दादा, म्हणाले, "गुडघे उघडे टाकून पोरगी गावातून जायची न्हाई." गल्लीतल्या दोघी त्याच कारणानं घरी बसल्या होत्या. मीही शेतात निंदायला जाऊ लागले.

एका संध्याकाळी ओसरीवर पिना किणकिणल्या.

"बाई, फ्रॉक न्हाई म्हणजे न्हाई," दादांनी त्या बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"फ्रॉक कोण म्हणलं, भाऊ? मी निळं म्हणले. घोट्यापर्यंत परकर शिवा. रंग शाळेचा, शिलाई घरची."

"अन् हेडमास्तर?"

"त्यांचं मी बघते. तुम्ही शिंप्याचं बघा."

मी शाळेत परतले. पुढं तपासणीची तारीख आली. आदल्या दिवशी प्रार्थनेला हेडमास्तरांनी मला रांगेतून बाहेर काढलं. "उद्या साहेब येतील. सगळ्यांत हिचा एकटीचाच परकर लांब. आखूड करून आण, नाहीतर उद्या घरी थांब."

दादा आखूड करू देणार नव्हते. आणि एकदा घरी थांबले की ते परत पाठवणार नव्हते. मला रडूही येईना.

बाई शांतपणे आल्या आणि माझ्या शेजारी, मुली रांगेत उभ्या राहतात तशा, हात जोडून उभ्या राहिल्या. "सर, मी बी रोज गणवेशातच येऊन राह्यले. माझी साडी गुडघ्यापर्यंत कापायची का?"

सगळी शाळा हसली. हेडमास्तरांनी हसू दाबायला चष्मा पुसायला घेतला. "जा गं, रांगेत जा," म्हणाले. मी परकर सावरत रांगेत पळाले. दिवाळीनंतर गल्लीतल्या त्या दोघीही निळे परकर घालून आल्या.

आता जून आला की मी नातेवाइकांच्या मुलांसाठी वह्या, छत्र्या, गणवेश अशी यादी करते. गणवेश हवा की नको, असा वाद हमखास निघतो. मी हवा म्हणते, आणि लगेच विचारते, तो घालता येत नाही म्हणून कोण घरी बसलंय? आधी ते बघा.

बाईंची बदली वडीगोद्रीला झाली. जिल्ह्याचं पार दुसरं टोक. एसटीपर्यंत त्यांची ट्रंक दादांनी स्वतः डोक्यावर नेली. ट्रंक टपावर चढवून झाली तरी दादा खिडकीखाली घुटमळत राहिले.

"बाई, धाकटीचं बी नाव शाळेत घालून राह्यलो यंदा. कापड किती घेऊ?"

गाडी सुरू झाली होती. बाईंनी मान बाहेर काढली.

"जास्तच घ्या, भाऊ. अन् वाढतं शिवा. पोरगी थांबायची न्हाई!"