चार भाकऱ्यांचा रविवार

रविवारी रेल्वेचं काम निघणार, ही बातमी घाटकोपरच्या आमच्या बाजाराला गावडे गुरुवारीच देत, आणि तीही भाकऱ्यांच्या भाषेत. त्यांचा पुतण्या रुळांवर गँगमन होता. रविवारी रूळ उखडायचे असले की मुकादम त्याला घरून जास्त भाकऱ्या आणायला सांगे. दोन भाकऱ्या म्हणजे दुपारपर्यंत गाड्या बंद, चार म्हणजे संध्याकाळपर्यंत. वर्तमानपत्रात हेच शनिवारी कुठेतरी कोपऱ्यात येई, कधी येतही नसे.

गिरणी बंद पडल्यापासून गावडे दुकानोदुकानी पत्रावळी आणि द्रोण पुरवत. त्याच फेरीत सल्ला फुकट. फुलवाल्याला म्हणत, "शेवंती शनिवारीच आणून ठेव रे. रविवारी दादराक काय चलत जातलंस?" कोणी हसलं तर चिडत नसत. "हस. सोमवारी रडशीत, तेव्हा मी येतंय."

मी व्यापारी मंडळाचा सेक्रेटरी. माझं स्टेशनरीचं दुकान, त्यामुळे कागद, रबरी शिक्का आणि महत्त्व या तिन्ही वस्तू माझ्याकडे भरपूर. एका पत्रावळीवाल्याच्या भाकऱ्यांवर बाजार चालतो, हे मला खुपू लागलं. मी 'रविवार पूर्वतयारी समिती' काढली. तिच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या दोन बैठकांत कोणी कुठे बसायचं ते ठरलं, तिसरीत ठराव झाला: यापुढे ब्लॉकची, म्हणजे गाड्या बंद राहण्याची, माहिती फक्त मंडळाच्या फळ्यावर, माझ्या सहीने. तोंडी सांगणं म्हणजे अफवा. गावडेंनी ठराव शांतपणे ऐकला. "बरां झालां," ते म्हणाले, "माझो घसो वाचलो."

पुढच्याच गुरुवारी ते दुकानात आले. "सेक्रेटरीनू, चार भाकऱ्यो. मुलुंडापर्यंत सगळां बंद. परबवहिनीक त्याच दिवशी मुलुंडाक जेवण पोचवचा आसा. मोठ्या अक्षरात लिवा."

"लिहितो," मी म्हणालो.

परबवहिनींची आमच्या गल्लीत खानावळ होती. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने ती उभी केली होती. मुलुंडच्या एका हॉलवर साखरपुड्याचं जेवण त्यांनी घेतलं होतं. ते हॉलवाल्याला पसंत पडलं, तर अख्ख्या लग्नसराईचं काम त्यांना मिळणार होतं. पातेली वहिनी लोकलच्या लगेजच्या डब्यातून नेत.

मी लिहिलं नाही. भाकऱ्यांखाली सही कशी करायची? मी स्टेशनमास्तरांना पत्र धाडलं, विषय, संदर्भ, तीन प्रती, आणि फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'खातरजमा चालू आहे'. एकदा तरी गावडे खोटे पडावेत, असं मला आतून वाटत होतं हेही खरं. गावडेंना वाचता येत नव्हतं. फळ्यावर मोठी अक्षरं दिसली, ते निर्धास्त झाले. वहिनींनी फळा वाचला आणि त्याही निर्धास्त झाल्या. तसंच काही असलं तर गावडे ठराव मोडूनही आपल्याला सांगतील, अशी त्यांची खात्री होती.

स्टेशनमास्तरांचं उत्तर मंगळवारी आलं. रविवारी ब्लॉक होता, असं त्यात नमूद केलेलं होतं.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पातेली फलाटावर आणि गाडी नाही. टेंपो सगळे आधीच बाहेर गेलेले. रिक्षावाले पातेली बघून पुढे निघून जात. जेवण पोचलं तेव्हा पाहुणे उठून चालले होते. हॉलवाल्याने लग्नसराई दुसऱ्याला दिली.

सोमवारी खानावळीत सगळे जमले. फुलवाला म्हणाला, "काय गावडे, ह्या वेळी पुतण्या उपाशीच गेला वाटतं कामाला?"

वहिनी म्हणाल्या, "एक शब्द टाकला असता, तर शनिवारीच टेंपो सांगून ठेवला असता ना हो मी."

गावडेंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात बिस्कीट बुडवत होतो.

"मी सांगूक इसारलंय, वहिनी," ते म्हणाले.

बाहेर मी त्यांना गाठलं. "असं का म्हणालात?"

"फळ्यावरचो इश्वास उडालो, तर उद्या फळो कोण बघतलो? माझ्यावरचो उडालो, तर मी एकटोच." मग खांद्यावरचा पत्रावळींचा गठ्ठा सावरत म्हणाले, "पुढच्या खेपेक मात्र लिवा."

पुढे मी लिहू लागलो. दर गुरुवारी गावडे मला सांगत, मी फळ्यावर लिहीत असे, खाली माझी सही. सेक्रेटरीची रेल्वेत वरपर्यंत ओळख आहे, असं बाजार म्हणू लागला. मी कधी नाही म्हटलं नाही. गावडेंना मात्र कोणी काही विचारेना. वहिनी पत्रावळीही दुसरीकडून घेऊ लागल्या.

चार वर्षांनी गावडे गावी, कुडाळकडे, वारले. मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्षस्थानी मी. बोलायला परबवहिनी उठल्या. "माणूस वाईट नव्हता," त्या म्हणाल्या. "पण माझी नड होती, नेमका तेव्हाच विसरला."

उभं राहून बोलायचं, तर तीच वेळ होती. मी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

सभेचा वृत्तांतही मीच लिहिला. त्यातून वहिनींचं ते वाक्य मी गाळलं. गावडेंसाठी मी काही केलं असेल, तर ते एवढंच.